नाव, आडनाव आणि समोरच्याच्या मनातलं चित्र: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाची तयारी करणारे आई-बाबा, नाव बदलू पाहणारे तरुण, सासरचं नाव लावावं की नाही या विचारात पडलेल्या मुली आणि सातबारावरच्या नावामुळे अडलेले शेतकरी. यांच्याकडून जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे आहेत.

नुसतं नाव ऐकून समोरचा माणूस नेमकं काय ठरवतो?

सगळ्यात आधी वय. हौसाबाई म्हटलं की नऊवारीतली आजी डोळ्यांपुढे येते. शालन, मालन, कमल या तिच्या लेकी-सुना, संगीता-सुनीता त्यानंतरच्या आणि ऋतुजा किंवा वैष्णवी म्हणजे नात. नावांची लाट येते, ओसरते आणि त्या पिढीचं वय नावाला कायमचं चिकटतं. वयापाठोपाठ गाव की शहर, जात-धर्म, घरात शिक्षण किती, हे अंदाज बांधले जातात. बाबगोंडा किंवा आण्णाप्पा ऐकलं की कोल्हापूरकराला शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लजचा पट्टा आठवतो. बिरू ऐकलं की बिरोबाचं ठाणं आठवतं. केदार किंवा ज्योतिराम असेल तर घरात जोतिबाचा खेटा, म्हणजे डोंगरावरची पायी वारी, चुकत नसणार, असं वाटतं.

हे सगळं ऐकणाऱ्याच्या अनुभवातून येतं. त्या नावाची जी माणसं त्याने पाहिली, त्यांची सरासरी तो तुमच्यावर टाकतो. आरव नावाचा साठ वर्षांचा पैलवान त्याने पाहिला असता, तर अंदाज वेगळा झाला असता. माणूस समोर येऊन दोन वाक्यं बोलला की हा पहिला अंदाज पुष्कळसा पुसला जातो. खरा धोका असतो तो जिथे बोलायची संधीच मिळत नाही तिथे: नोकरीचा अर्ज, भाड्याच्या खोलीची चौकशी, लग्नाच्या स्थळांची यादी.

नोकरीच्या अर्जात नावामुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. (हा हिशेब तुलनेचा आहे, शंभर अर्जांपैकी इतक्यांना बोलावणं आलं असा नाही.) ते अर्ज चाळणारी माणसं स्वतःला भेदभाव करणारी समजत असतील असं नाही. ढिगातून पाच कागद काढताना ओळखीचं वाटणारं नाव हाताला लागतं, आणि अन्याय तेवढ्यावरच होतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत भरती करणाऱ्यांना एक सोपी पद्धत सांगता येईल. अर्ज आले की एका माणसाने प्रत्येकावर क्रमांक टाकायचा आणि नाव, फोटो, वडिलांचं नाव व गाव झाकून झेरॉक्स काढायची. निवड करणाऱ्याने फक्त ती झेरॉक्स पाहायची. मुलाखतीची यादी ठरल्यावरच क्रमांकाची नावं उघडायची. ईमेल आयडी झाकायला बहुतेक लोक विसरतात. त्यात आडनाव असतंच आणि सगळी मेहनत वाया जाते.

आडनावावरून जात कळते, हे कितपत खरं?

आपल्या जिल्ह्यात तर फारच कमी. पाटील, देसाई, नाईक, चौगुले, इनामदार, जमादार ही मुळात हुद्द्यांची किंवा वतनाची नावं. ज्या घराकडे काम होतं, त्या घराला ते नाव पडलं, मग घर कुठल्याही समाजाचं असो. पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, मुस्लिमही आहेत. मगदूमांचंही तेच. ‘कर’ लागलेली निपाणीकर, कागलकर, मुरगूडकर ही नावं गाव सांगतात, त्यापलीकडे काही नाही.

पहिल्या नावावरूनही चकवा बसतो. पिराजी आणि फकिरा ही हिंदू घरांतली जुनी नावं, दर्ग्याला केलेल्या नवसाची. कागलच्या घाटगे घराण्यात पिराजीराव हे नाव मानाने चालत आलं. आणि बाबासाहेब नावाचे मुस्लिम गृहस्थ कोल्हापूर-सांगलीत कुणालाही नवल वाटू देत नाहीत.

तरीही ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न खूपदा जात काढण्यासाठीच विचारला जातो, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. फॉर्म भरताना तो विचारा. वर्गात नव्या मुलाला, खोली बघायला आलेल्या मुलीला, कामावर पहिल्या दिवशी आलेल्या पोराला विचारू नका.

बाळाचं नाव ठरवताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात?

तिघं मिळून म्हणून बघा: बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकेकटं गोड वाटणारं नाव पुढच्या शब्दाला अडखळतं. एका नावाचं शेवटचं आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर सारखं असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. मग ते नाव फोनवरून एका वयस्कर नातेवाइकाला सांगा आणि त्यांना ते कागदावर लिहायला सांगा. जे लिहून येईल, तेच पुढे शाळेत, दवाखान्यात आणि रेशन दुकानात लिहिलं जाणार आहे. हाक मारूनही बघा, घराच्या दुसऱ्या टोकाकडून आणि मोठ्याने. सौम्य व्यंजनांची लहान नावं गोंगाटात विरतात.

उच्चाराला सोपं नाव असलेल्या माणसाबद्दल अनोळखी लोकांचं पहिलं मत जरा बरं होतं, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणून अवघड नाव ठेवूच नये असं नाही. पण हृषीकेश ठेवणार असाल तर आयुष्यभर ते ‘ऋषिकेश’ असं लिहिलं जाईल, हे गृहीत धरा. ती दोन वेगळी नावं आहेत आणि कागदपत्रांत दोन वेगळी माणसं ठरतात. ‘शृ’ आणि ‘श्रु’ यांचाही घोळ होतो. श्रुती बरोबर, श्रृती चूक. बारशाच्या पत्रिकेवर चुकलं तर हसून सोडता येतं, जन्मदाखल्यावर चुकलं तर हेलपाटे घालावे लागतात.

इंटरनेटवरच्या यादीतून उचललेल्या नव्या नावाचा अर्थ तिथेच दिलेला असतो आणि तो पुष्कळदा कुणीतरी बसवलेला असतो. संस्कृत-मराठी कोश उघडून पाहा. शब्द सापडला नाही म्हणून नाव वाईट ठरत नाही, पण मुलाने उद्या अर्थ विचारला तर खरं उत्तर देता यावं.

पत्रिकेत आलेल्या अक्षरावरूनच नाव ठेवायला हवं का?

नाही. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं, अशी ती मांडणी आहे. अश्विनीला चू, चे, चो, ला आणि रोहिणीला ओ, वा, वी, वू. काही चरणांना ङ, ञ, ण अशी अक्षरं येतात, ज्यांवरून नाव सुरूच होत नाही. मग परंपरेनेच त्यांच्या जागी ग, ज, ड घेतात. मुळात नाक्षत्र नाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं, अशी सोय जुन्या पद्धतीतच आहे. नाक्षत्र नाव आत्याने कानात सांगावं, पत्रिकेत लिहावं आणि हाक मारायला आवडीचं नाव ठेवावं. दोन्ही नावं जन्मदाखल्यात घालायचा आग्रह मात्र धरू नका.

शिवराज, राजवर्धन, धैर्यशील अशा नावांनी काय छाप पडते?

कोल्हापुरात ती शोभतात. इथे राजघराण्याची आणि तालमींची आठवण ताजी आहे, त्यामुळे नाव भारदस्त वाटतं, आगाऊ वाटत नाही. पुण्या-बेंगळुरूला गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचं ‘राज’ होतं. घरच्यांना ते खटकणार नसेल तर खुशाल ठेवा. एक खबरदारी: नावापुढे ‘राव’ किंवा ‘राजे’ लावायचं असेल तर ते जन्मदाखल्यापासून लावा, नाहीतर कुठेच लावू नका. दहावीच्या फॉर्मवर विश्वासचा विश्वासराव झाला, तर तो कागदोपत्री दुसरा माणूस होतो.

धोंडिराम, दगडू, केरबा ही नावं लाजिरवाणी आहेत का?

अजिबात नाहीत. आधीची लेकरं जगली नाहीत, तेव्हा या लेकराला कुणाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ वाटणारं नाव ठेवलं जाई. त्या नावामागे आई-बापाचा जीव टांगणीला लागलेला होता. आजोबांचं असं नाव असेल तर ते लपवू नका.

नकुशाची गोष्ट वेगळी. मुलगी नको होती, हे तिच्याच नावात कोरून तिला रोज ऐकवायचं. शेजारच्या साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली, अनेकींनी ती स्वतः निवडली. आपल्याही जिल्ह्यात अशा नावाची बाई किंवा मुलगी माहितीत असेल, तर तिला नाव बदलता येतं हे जरूर सांगा. निर्णय तिचा.

माणूस नावासारखा दिसायला लागतो, हे खरं का?

थोडंफार. २०१७ मध्ये इस्रायल आणि फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहरा आणि चार-पाच नावं दाखवली, तर नुसत्या नशिबाने जमेल त्यापेक्षा जास्त वेळा खरं नाव ओळखलं गेलं. ज्या समाजातली नावं आहेत, त्याच समाजातल्या लोकांना हे जमलं. केसांची ठेवण, हसण्याची लकब, या गोष्टी माणूस नावाला साजेशा करत नेतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. यावरून स्वभाव ओळखायला जाऊ नका.

जन्मदाखल्यात नाव कधीपर्यंत घालता येतं? आईच्या नावाचं काय?

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची. नाव ठरलं नसेल तर ते कोरं ठेवून नोंद होते. नोंदीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. शहरात महापालिका, गावात ग्रामपंचायत. एकदा घातलेलं नाव मात्र ‘आता दुसरं आवडलं’ म्हणून बदलून मिळत नाही, फक्त लेखनाची चूक दुरुस्त होते. म्हणून बारशाच्या घाईत नाव कळवू नका. महिनाभर हाक मारून पाहा, मग द्या.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम महाराष्ट्रात असा आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या, परीक्षेच्या आणि महसुली कागदपत्रांवर हाच क्रम लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालतो. तेव्हा त्यातली वेलांटी आणि इंग्रजी स्पेलिंग खिडकीवरच वाचून घ्या.

सातबारावर ‘बाळासो’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ आहे. काय करायचं?

हा खास आपल्या भागाचा घोळ. साहेबचं ‘सो’ करून लिहायची इथली जुनी पद्धत: बाळासो, आण्णासो, बाबासो, दादासो. वाचणाऱ्या तलाठ्याला कळायचं, संगणकाला कळत नाही. समजा सातबारावर ‘बाळासो ज्ञानू पोवार’ आहे, आधारवर ‘बाळासाहेब ज्ञानदेव पवार’ आणि बँकेत ‘बाळू’. माणूस एक, पण तिन्ही शब्द जुळत नाहीत. पोवार-पवार आणि साळोखे-साळुंखे यांची हीच अडचण होते. पीएम किसानचा हप्ता, पीक कर्ज, विम्याची रक्कम इथे अडकते.

आधी घरातल्या सगळ्या कागदांवरची नावं जशीच्या तशी एका पानावर उतरवून काढा. मग कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव धरणं सगळ्यात सोयीचं, कारण तो जुना पुरावा सगळीकडे चालतो. त्या नावाप्रमाणे आधार करून घ्या. पण आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी ठरवा आणि नंतर केंद्रावर जा. सातबारावरची चूक लेखनाची असेल, म्हणजे फेरफार नोंदीत (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत) बरोबर आणि उताऱ्यावर चुकीचं असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. सोबत जुना उतारा, फेरफाराची नक्कल, ओळखपत्र आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र.

ही कामं वडील हयात असताना उरका. ते गेल्यावर वारस नोंदीच्या वेळी बाळासो आणि बाळासाहेब एकच होते, हे मुलांना सिद्ध करावं लागतं. एखाद्या भावकीचं तेव्हा जमत नसेल, तर एवढ्याशा ‘सो’वरून वर्षं जातात.

पूर्ण नावच बदलायचं आहे. रीत काय?

राज्याच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, जाहीर करावं लागतं. शासन मुद्रण व लेखनसामग्री संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. जुनं नाव, नवं नाव, कारण, पत्ता, फोटो, जुन्या नावाचा ओळखपुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागतं. मूल अज्ञान असेल तर अर्ज पालक करतात. नाव मराठीत आणि इंग्रजीत टाइप करताना तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. अर्जात जे लिहिलं तेच छापून येतं, आणि छापलेली चूक दुरुस्त करायला नव्याने खटपट करावी लागते.

गॅझेटची प्रत हातात आली की आधी आधार, मग पॅन, मग बँक, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवर ‘आधी आधार करा’ हेच ऐकावं लागेल. दहावी-बारावीच्या जुन्या गुणपत्रिकांवर जुनंच नाव राहतं असं धरून चाला आणि त्यांना गॅझेटची प्रत टाचून ठेवा.

लोक काय म्हणतील, ही भीती पुष्कळांना असते. ज्यांचं नाव सगळं कोल्हापूर घेतं, ते राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे. १७ मार्च १८८४ रोजी दत्तकविधान झालं आणि ते शाहू झाले. नवं नाव रुळतं. सांगताना ओशाळू नका, एकदा स्पष्ट सांगा आणि जुन्या नावाने हाक आली तर काही महिने शांतपणे दुरुस्त करत राहा.

इंग्रजी स्पेलिंग कसं ठरवावं?

ज्ञानेश्वर महाराष्ट्रात डी-एन-वाय ने सुरू होतो, उत्तरेत जी-वाय ने. ऋतुजा इथे आर-यू, तिकडे आर-आय. चौगुलेमध्ये ओ-यू की ए-यू, विश्वासमध्ये व्ही की डब्ल्यू, यांना एकच बरोबर उत्तर नाही. घरात वडिलांचं आडनाव ज्या स्पेलिंगने आहे, तेच भावंडांना लावा आणि कधीही हलवू नका.

अंकशास्त्राप्रमाणे एक जादा ‘ए’ घातला तर?

घालू नका. भाग्य उजळल्याचा पुरावा नाही, कागद न जुळल्याचे पुरावे मात्र प्रत्येक बँकेत पडलेले आहेत. दुकानाच्या पाटीवर हवा तेवढा हौसेने घाला.

लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का?

नाही. तसा कोणताही कायदा नाही. माहेरचं नाव कायम ठेवून विवाह नोंदणी दाखल्यावर सगळी कामं होतात. बदलायचं असेल तर तो दाखला घेऊन आधारपासून सुरुवात करा. सगळ्यात त्रास होतो तो अर्धवट बदलाचा: आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं आणि बँकेत दोन्ही. तांदळात लिहिलेलं नवं पहिलं नाव घरापुरतं ठेवायचं की कागदावर आणायचं, हे त्या मुलीला विचारून ठरवा. वीस-पंचवीस वर्षं ज्या नावाला तिने ओ दिली, ते एका दुपारीत पुसण्याचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही.

श्रीमती लिहिलं तर बायका रागावतात. काय लिहावं?

सरकारी वापरात श्रीमती कोणत्याही स्त्रीला चालतं, विवाहित असो वा नसो. पण घराघरांत त्याचा अर्थ विधवा असाच घेतला जातो, म्हणून निमंत्रण पत्रिकेवर ते पाहून वाईट वाटतं. कार्यालयीन पत्रात सर्वांना सरसकट श्रीमती लिहा. एकीला सौ. आणि दुसरीला श्रीमती केलंत, की कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही याची यादीच होते. घरगुती पत्रिकेवर नुसतं नाव आणि पुढे ताई, काकू, आजी लिहिलं तर कुणीच दुखावत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नावाआधीच्या सौ. आणि श्रीमतीचाही विचार त्याच वाटेने व्हायला हवा.

संतोषचा ‘संत्या’ कधी चालतो?

तालमीतल्या मित्राने म्हटलं तर माया, साहेबाने म्हटलं तर अपमान. लहानपणी ‘संत्या’ म्हणणाऱ्यानेही त्याच्या पोरांसमोर आणि गिऱ्हाइकांसमोर ‘संतोष’ किंवा ‘संतोषदादा’ म्हणावं. अनोळखी माणसाला आडनावाने, ‘ओ पाटील’, अशी हाक इथे आदराची आहे. तीच हाक इतर राज्यांतून आलेल्याला कोरडी वाटते. त्याला नावापुढे ‘जी’ किंवा ‘भाऊ’ लावा.

कामगाराला आडनावच नाही, फॉर्मच्या तीन रकान्यांत काय भरायचं?

बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या पुष्कळांच्या नावात ‘कुमार’ असतं. ते आडनाव नव्हे, नावाचाच भाग. दक्षिणेकडच्या नावाआधीची अक्षरं गावाची किंवा वडिलांच्या नावाची असतात. त्यांना ओढूनताणून आडनाव बनवू नका. आधारवर जसं आहे तसं सगळं पहिल्या रकान्यात लिहा आणि आडनावाच्या जागी रेघ मारा. संगणक रेघ घेत नसेल तर आधी पीएफच्या नोंदीत काय आहे ते पाहून तेच ठेवा. त्याला वडिलांचं नाव विचारून मधे घातलंत आणि शेवटी गाव जोडलंत, तर त्याचा पीएफ काढायच्या दिवशी तो गावाहून परत येऊन तुमच्या दारात उभा राहील. आणि नाव त्याच्या तोंडून एकदा ऐका, त्याच्यासमोर स्वतः म्हणून बघा, चुकलं तर त्याला दुरुस्त करू द्या. मुकादमाने पहिल्या दिवशी जे म्हटलं, तेच पुढे सगळी शिफ्ट म्हणते.